विश्वासाचा हिशेब कोणी मागावा?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिर आहे, पीर बाजार आहे, आणि अनेक धर्मांची माणसे एकाच रस्त्याने ये-जा करतात. या शहरात ख्रिस्ती माणसांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. महाराष्ट्राचा आकडाही तसाच : २०११च्या जनगणनेत राज्यात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. समाज इतका लहान असला की मंडळीत शेजारी बसलेला माणूस कोणाचा तरी मामा असतो, समोरच्या बाकावरची बाई कोणाची तरी विहीण. कोण रविवारी आले नाही, कोणाच्या घरी पुन्हा बाटली शिरली, कोणाचा मुलगा कोणाबरोबर फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही ज्याचे त्याला समोर बसवून, प्रेमाने आणि स्पष्टपणे विचारणारे कोणी नसते. पाळकसाहेबांच्या माथी बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी आणि मंडळीचे वाद आहेत. आईवडिलांचा धाक मुलाच्या नोकरीपर्यंत टिकतो. उरतात मित्र. एका ख्रिस्ती मित्राने दुसऱ्याला त्याच्या विश्वासाचा हिशेब मागावा का, आणि मागायचा तर कोणत्या हक्काने, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी शब्दाचीच अडचण पाहू. मराठीत या कृतीसाठी शब्दांची कमी नाही : जाब विचारणे, कानउघाडणी करणे, खडसावणे, समज देणे, सुनावणे, कान पिळणे. पण यांतला प्रत्येक शब्द वरून खाली उतरतो. जाब साहेब विचारतो, समज पोलीस देतात, कान मास्तर पिळतात. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला विचारावे आणि मग स्वतःही उत्तर द्यावे, अशा देवाणघेवाणीला आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. हा केवळ कोशातला दोष नाही. आपल्या घरांत आणि संस्थांत चूक दाखवण्याचा अधिकार वय, पद, जात आणि पैसा यांच्याबरोबर आला, म्हणून भाषाही तशीच घडली. मंडळीत हीच भाषा चालते, आणि तिच्याबरोबर तिचा उतारही येतो.

ख्रिस्ती शास्त्रातली कल्पना मात्र वेगळी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू अपराध करणाऱ्या बंधूशी कसे वागावे याचा क्रम सांगतो. पहिल्यांदा दोघांनीच बोलायचे. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचे. तरीही नाही, तर मग मंडळीला सांगायचे. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम नेमका उलटा चालतो : आधी सगळ्या मंडळीला कळते, मग एकदोघे जवळचे कुजबुजतात, आणि ज्याच्याविषयी बोलणे आहे त्याच्या कानावर ते सर्वांत शेवटी पडते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल चुकलेल्याला सौम्यपणे सावरायला सांगतो आणि लगेच सावरणाऱ्यालाही स्वतःकडे लक्ष ठेवायला बजावतो. याकोबाच्या पत्रात पापे कबूल करायची आहेत ती एकमेकांजवळ. सगळा भार त्या ‘एकमेकांजवळ’वर आहे. तिथे एक कबूल करणारा आणि दुसरा ऐकून घेणारा अशी कायमची वाटणी नाही.

यावर एक शंका रास्त आहे. एकांतात बोलायचे, तर मग पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत का धारेवर धरले? प्रसंग जेवणाचा होता. परराष्ट्रीय विश्वासकांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमची काही माणसे आल्यावर त्या पंगतीतून बाजूला होऊ लागला, आणि त्याचे पाहून इतर यहूदी, अगदी बर्णबासुद्धा, तसेच वागू लागले. पेत्राचा दोष खासगी नव्हता. उष्टे-शिवले पाळणाऱ्यांच्या भीतीने त्याने एका संपूर्ण गटाला पंगतीबाहेर काढले होते, आणि ज्यांचा अपमान झाला ते समोर बसलेले होते. जखम चारचौघांत झाली होती, म्हणून बोलणेही चारचौघांत झाले. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या मिशन-मंडळ्यांत वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसे प्रभुभोजनाला एकत्र बसली, हा मोठा पालट होता, तरी सोयरीक जुळवताना आजही मूळ जात हळूच विचारली जाते. मित्राने मित्राला विचारण्याजोगा पहिला प्रश्न मला हाच वाटतो. उपवासकाळात किती दिवस उपवास केला, हे नंतर विचारता येईल. मुलीसाठी स्थळ पाहताना तू कोणती नावे आधीच खोडलीस?

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजाला विचारणाऱ्याची भीती वाटते, आणि तिला इतिहास आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथे घर, काम आणि मान मिळाला, आणि त्या उपकाराचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण अशा वसाहतींत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या एकूण मिशनव्यवस्थेत, शाळा, नोकरी, राहती खोली आणि मंडळीचे सभासदत्व बहुधा एकाच हातात असे. विश्वासाविषयी प्रश्न विचारणारा आणि महिन्याचा पगार देणारा एकच असला, की उत्तर देणारा खरे सांगत नाही; तो टिकून राहण्यापुरते सांगतो. दुष्काळात पोटासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा बाहेरून होताच. त्यामुळे मिशनऱ्यांची तपासणी अधिक कडक झाली आणि नव्या विश्वासकांची जीभ अधिक सावध. त्या सवयी पिढ्यांमागून पिढ्या उतरल्या आहेत. पाळक घरी येणार म्हटल्यावर पुढच्या खोलीत बायबल आणून ठेवणारे घर खोटारडे असते असे नाही. कधीकाळी उत्तरावर भाकरी अवलंबून होती, याची आठवण तिथे अजून शिल्लक असते.

हा उतार सर्वांत स्पष्ट दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉंटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे गेल्या. तिथल्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहण्या-शिकण्याची सोय व्हायची, अशी व्यवस्था होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या, आणि पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. माया खरी होती. पण हिशेबही सुरू झाला, आणि तो कशाकशाचा? अंडे घातलेले पुडिंग रमाबाई खात नाहीत, यात जातीचा अहंकार तर उरलेला नाही? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असताना त्यांना संस्कृत का हवी? चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी त्यांनी दाखवली, तेव्हा भारतातल्या बिशपांचा विरोध आहे हे कळूनही त्या वाद का घालतात? त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार त्या निमूटपणे का स्वीकारत नाहीत? रमाबाईंची उत्तरे नम्र आहेत, पण वाकलेली नाहीत. ज्या भाषेचा एक शब्द कळत नाही ती गळ्यात का घालायची, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या.

जेराल्डिनबाईंना खलनायिका ठरवणे सोपे आहे आणि चूकही. त्यांना रमाबाईंच्या आत्म्याची काळजी होती. ती पत्रे जपून एकत्र केली तीही त्यांनीच, आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध झाली म्हणून आज आपण हे जाणतो. त्यांची चूक दुहेरी होती. त्या हिशेब मागत होत्या, पण द्यायला बसल्या नव्हत्या. रमाबाईंनी उलट प्रश्न केला की तो उद्धटपणात जमा होई. शिवाय रमाबाईंनी स्वतः दिलेल्या शब्दाचा आणि आपल्या इंग्रजी चर्चच्या रिवाजाचा फरक त्यांनी केला नाही. मित्राला त्याच्या वचनाची आठवण देता येते. आपल्या आवडीची नाही. त्याच काळात चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील रमाबाईंशी याच विषयांवर बोलत होत्या आणि पत्रे लिहीत होत्या. त्यांचे मतही रमाबाईंहून वेगळे होते. पण शंका घेणाऱ्या मनाला कारणे द्यावी लागतात, अधिकार दाखवून ते वळत नाही, हे त्यांना कळले होते, आणि म्हणूनच रमाबाई त्यांच्याशी मोकळेपणाने वाद घालू शकल्या. पुढे काय झाले तेही लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, ही जाणीव झाल्याचे रमाबाई १९०७च्या आपल्या साक्षीत लिहितात. ते वळण १८९१च्या सुमारास आले, बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी. ते बाहेरच्या कोणाच्या वेळापत्रकाने आले नाही.

याच्या नेमके समोर ठेवावे असे दुसरे मराठी उदाहरण टिळक पतिपत्नींचे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या तरी सोवळे-ओवळे सोडायला तयार नव्हत्या. टिळकांनी वेगळ्या चुलीची अडचण सोसली, आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची गाठ सुटल्यावर. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना जाणवते की या घरात हिशेब दोन्ही बाजूंनी चालत असे. टिळकांचा शीघ्रकोप, हातात येईल ते वाटून टाकण्याची सवय, संसाराचा विसर, यांतले काहीच लक्ष्मीबाई झाकत नाहीत, आणि स्वतःच्या अंधश्रद्धा आणि हट्टही तितक्याच उघडपणे मांडतात. मैत्री नवराबायकोत असू शकते याचा इतका प्रामाणिक पुरावा मराठीत दुसरा नसेल. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारी कामातून मोकळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त त्यात बंधू म्हणून सामावावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि प्रयोग फार वाढला नाही. पण त्याची दिशा नीट पाहण्यासारखी आहे : आधी पगाराचा दोर कापला, मग बंधुत्वाचा दरबार भरवला. जो तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत असे, त्याला संतसंगतीत आणि साहेबाच्या कचेरीत फरक काय हे वेगळे शिकवावे लागले नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप शास्त्राचाच आधार घेतो : येशूने दुसऱ्याचा न्याय करू नका असे सांगितले नाही का? सांगितले. पण त्याच ठिकाणी कुसळ आणि मुसळाचा दृष्टान्त आहे, आणि तो शेवटपर्यंत वाचला तर आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढायचे आणि मग बंधूच्या डोळ्यातले कुसळ काढायला नीट दिसेल, असा तो संपतो. कुसळ तसेच राहू दे, असा नाही. दुसरा आक्षेप आधुनिक आहे : श्रद्धा ही माझी आणि देवाची बाब, मध्ये तिसरा कशाला? हा आक्षेप माझ्या मते फार पुढे जात नाही, कारण ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा कधी एकट्याने घेतलेला नसतो. तो मंडळीसमोर घेतला जातो, मंडळी त्यात शब्द देते, आणि तिनेही दिलेला शब्द पाळायचा असतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेल शहरातून पाच नामांकित शिक्षकांनी अशी चळवळ चालवली की प्रत्येक विश्वासकाने एका ‘मेंढपाळा’च्या अधीन राहावे. हेतू परस्परांना सांभाळण्याचा होता. पाहता पाहता लग्न कोणाशी करावे, नोकरी बदलावी का, घर कुठे घ्यावे, यासाठीही मेंढपाळाची परवानगी लागू लागली. कुटुंबे मोडली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी जाहीर माफी मागितली. आपल्याकडेही घरोघरी भरणाऱ्या काही स्वतंत्र प्रार्थनासभांत एकाच बंधूचा शब्द अखेरचा ठरताना दिसतो. हा धोका नाकारता येत नाही. पण त्याचे मूळ हिशेब मागण्यात नाही, एकतर्फी मागण्यात आहे. मेंढपाळाला कोण विचारत होते? ज्याला कोणी विचारू शकत नाही त्याने कोणालाही विचारू नये, इतकी साधी अट घातली असती तर ती चळवळ पहिल्याच वर्षी थांबली असती.

उस्मानपुऱ्यासारख्या ठिकाणी मात्र हुकूमशाहीपेक्षा मोठा धोका गळतीचा आहे. रोमन कॅथलिक पापनिवेदनाला मोहोर आहे : धर्मगुरूने ऐकलेले उघड करू नये, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने कायद्यात बसवला. मित्राच्या कानाला अशी मोहोर नसते. मग होते असे की कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून बाहेर येते. नाव घेतले जात नाही, पण एवढ्याशा समाजात नावाची गरजही नसते. महिन्याभरात एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न थांबते, आणि पुढची दहा वर्षे त्या मंडळीत कोणी कोणाजवळ काही कबूल करत नाही. प्रार्थनेच्या नावाने केलेली ही चुगली मला मंडळीतल्या मोठ्या पापांपैकी एक वाटते, कारण ती पश्चात्तापाची वाटच बंद करते. गुप्ततेला दुसरी बाजूही आहे, आणि ती परमहंस सभेने दाखवली. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या स्नेह्यांनी काढलेल्या या सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची शपथ घेत, एकत्र खात, पण सारे गुपचूप. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर पडण्याची वेळ आली आणि सभा विखुरली. तिच्यात वावरलेले बाबा पदमनजी १८५४ सालीच उघडपणे बाप्तिस्मा घेऊन निघून गेले होते. त्या सभेने आपली मतेच लपवली होती, म्हणून ती एका यादीच्या भीतीने मोडली. मित्राजवळच्या एकांतात मत लपवायचे नसते. जखम भरेपर्यंत तिच्यावर फडके ठेवायचे असते.

आणि जखम दुसऱ्या कोणाच्या अंगावर असेल, तर फडके ठेवण्याचा अधिकार मित्रालाही नाही. एखाद्याने मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचे मित्राजवळ कबूल केले, तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे ती माहिती पोलिसांना देणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे. बायकोला मारणाऱ्याशी प्रार्थना करून प्रकरण मिटवणे हे बंधुप्रेम नव्हे. तिला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते मिळवायला तिला मदत करणे हेच तिथे विश्वासाचे काम आहे. याविषयी मंडळ्यांत जी चालढकल होते तिला शास्त्राचा आधार नाही.

मग हे प्रत्यक्षात चालवायचे कसे? जगात जी पद्धत दीर्घकाळ टिकली तिची सुरुवात उपदेशाने झाली नव्हती, कर्जाने झाली होती. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, पुष्कळांना तेही झेपणार नाही. त्यावर फॉयने अकरा सर्वांत गरीब माणसे आपल्या वाट्याला मागून घेतली. ज्याच्याकडे नसेल त्याच्या नावची पेनी तो स्वतः भरणार होता. इतरांनीही तसेच गट घेतले. मराठवाड्यात भिशी किंवा बचत गट चालवणाऱ्या कोणत्याही बाईला पुढचे सांगावे लागणार नाही : आठवड्याच्या पैशासाठी दारात गेले की घर दिसते. वसुली करणाऱ्यांना दिसले की कोणी पिऊन पडला आहे, कोणी बायकोशी बोलत नाही, कोणाच्या घरात आजारपण आहे. ते बसून बोलू लागले. पुढे दारोदार फिरण्यात वेळ फार जाई, आणि काही मालकांना आपल्या नोकराकडे कोणी आलेले चालत नसे, म्हणून सगळा गट आठवड्यातून एकदा एकत्र जमू लागला. त्या बैठकीत गटप्रमुखही आपल्या आठवड्याविषयी बोले. पेनी गोळा करणे त्यानंतरही चालू राहिले, आणि ज्याच्याकडे नसेल त्याची पेनी विचारणाऱ्याच्याच खिशातून जात राहिली.